तालमीतल्या पोराचं नाक, आणि तुकडा काढायची घाई

वाळवा तालुक्यातल्या एका मामांनी विचारलंय. भाचा 14 वर्षांचा, गावच्या तालमीत जातो. पाच-सहा महिने उजव्या नाकपुडीतून अधूनमधून रक्त येतं. लढतीत कोपर लागलं असेल असं वाटून वस्तादांनी आठ दिवस विश्रांती दिली, आजीने उष्णता म्हणून गुलकंद सुरू केला. आता ती नाकपुडी जवळपास बंदच असते, पोरगा घोरतो, उजव्या कानाला दडा बसलाय. सांगलीतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने पाहिलं, मागे लालसर गाठ आहे म्हणाले, पण तुकडा घेतला नाही. सीटी आणि एमआरआय लिहून दिला. गाठ बहुधा ‘अँजिओफायब्रोमा’, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ आहे आणि ऑपरेशनआधी तिच्या रक्तवाहिन्या बंद कराव्या लागतील, असं त्यांनी सांगितलं. पाहुण्यांचं म्हणणं, तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही कळणार कसं? आणखी दोन गोष्टी मामांनी विचारल्यात. कुस्ती सुटणार का? आणि चार दिवसांपूर्वी लढतीत डावा कान सुजलाय, त्याला काय लावावं?

पहिल्यांदा पाहुण्यांचं. तुमच्या डॉक्टरांनी तुकडा घेतला नाही हे अगदी बरोबर केलं. बाह्यरुग्ण विभागात, खुर्चीत बसवून या गाठीचा चिमटाभर तुकडा काढला असता तर ते रक्त तिथल्या तिथे थांबवणं अवघड गेलं असतं. आपल्या साध्या रक्तवाहिनीला कापलं की तिच्या भिंतीतला स्नायू आकसतो, तोंड लहान होतं आणि मग गुठळी बसते. या गाठीतल्या बऱ्याच वाहिन्यांना तो स्नायूचा थरच नसतो किंवा अर्धवट असतो. त्या आकसत नाहीत, नुसत्या वाहत राहतात. 45 किलोच्या पोराच्या अंगात रक्त असतं तीन-सव्वातीन लिटर. त्यातलं अर्धा लिटर गेलं तरी त्याचा चेहरा पांढरा पडतो.

मग निदान कसं? वय, लिंग, जागा आणि चित्र यांवरून. ही गाठ जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलांना होते, मुलींमध्ये ती सांगितली गेली तर आम्ही आधी निदानावरच शंका घेतो. डोक्या-मानेच्या सगळ्या गाठींत तिचा वाटा अर्ध्या टक्क्याहून कमी. ती उगवते नाकाच्या अगदी मागे, बाजूच्या भिंतीतल्या एका छोट्या छिद्राच्या आसपास, जिथून नाकाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी आत शिरते. तिथून ती नाकात येते, नाकामागे घशाच्या वरच्या भागात उतरते, आणि बाजूला गालाच्या हाडामागच्या फटीत घुसते. कानाला दडा बसतो तो याचमुळे. नाकामागे कानाच्या नळीचं तोंड असतं, गाठ ते दाबते, कानात हवा जात नाही आणि पडद्यामागे पाणी साठतं. एका नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त, तीच नाकपुडी बंद, त्याच बाजूचा कान जड, आणि पोरगा दहा ते वीसच्या मधला. हे सगळं एकत्र दिसलं की दुर्बीण घातल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.

दुर्बिणीतून ती कशी दिसते तेही सांगते, कारण ‘लाल गोळा’ एवढ्यावर घरचे घाबरतात. मध्ये आलेल्या शेंबडाच्या पडद्यापलीकडे, मागच्या अंधारात, गुळगुळीत, गुलाबी-लाल, थोडीशी जांभळट झाक असलेली गोलाई दिसते. वरून केसाएवढ्या वाहिन्या पळत असतात. नाकातला साधा पॉलिप याच्या उलट असतो. तो फिकट, पाणीदार, सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो आणि सहसा रक्त देत नाही. या वयात एकाच बाजूला वाढून पडजिभेमागे लोंबणारा पॉलिपही पुष्कळ दिसतो, आणि त्यामुळेच गफलत होते. ‘पॉलिप आहे, काढून टाकू’ म्हणून कुणी टेबलावर घेतलं आणि पहिल्याच ओढीला रक्ताची धार लागली, असे रुग्ण घाईघाईने नाक भरून आमच्याकडे पाठवले गेलेले मी पाहिले आहेत. एकाच बाजूच्या गाठीला चिमटा लावण्याआधी सीटी झालाच पाहिजे, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना रागावून सांगते.

सीटीचा रिपोर्ट आला की त्यात एक ओळ शोधा. गालाच्या हाडातल्या पोकळीची मागची भिंत पुढे वाकली आहे असं लिहिलं असेल, आणि तिच्यामागची फट रुंदावली आहे असंही. ही गाठ सावकाश वाढते, त्यामुळे हाड कुरतडण्याऐवजी ते आधी पुढे ढकलते. कॅन्सर बहुतेक वेळा हाड खातो. डाय टोचल्यावर गाठ झगझगीत उजळते. एमआरआय सांगतो ती डोळ्याच्या खोबणीत, कवटीच्या तळाच्या हाडात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली आहे का. एवढं जुळलं की तुकड्याची गरज राहत नाही. चित्र जुळत नसेल, वय पंचविशीच्या पुढे असेल, मानेतही गाठी असतील, तर तुकडा घ्यावाच लागतो, पण तो ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देऊन, रक्ताच्या पिशव्या तयार ठेवून.

आणि कॅन्सर? नाही. ही गाठ साधी आहे, रक्तातून फुप्फुसात, यकृतात जात नाही. पण ‘साधी’ ऐकून घरचे निर्धास्त होतात तेही मला नको असतं. ती जागच्या जागी हट्टीपणाने पसरते, आणि तिचे शेजारी म्हणजे डोळ्याची नस, मेंदूकडे जाणारी धमनी. वय वाढल्यावर उरलेला छोटासा अंश कधी कधी आपोआप आटतो हे खरं आहे. मात्र रक्त देणारी, नाक बुजवणारी आख्खी गाठ त्या आशेवर वीस वर्षांपर्यंत ठेवायची नसते.

इथे मला एक गंमत नेहमी जाणवते. आपल्या भागात ‘गाठीला सुई लावू नका, पसरते’ हे गावोगाव ऐकू येतं. मानेतल्या गाठींच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे. मानेत गाठ आली, टीबीची असो की तंबाखूच्या कॅन्सरची, बारीक सुईने पेशी घेणं ही पहिली तपासणी. तीन मिनिटांचं काम, त्याने कॅन्सर पसरत नाही, आणि टीबी निघाला तर तोच नमुना सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू ओळखणाऱ्या चाचणीला पाठवता येतो. उलट सुई न लावता थेट गाठच कापून काढली, आणि मूळ कॅन्सर जिभेच्या मुळाशी लपलेला निघाला, तर पुढचे उपचार किचकट होतात. कानाखाली वर्षानुवर्षं न दुखणारी लाळग्रंथीची गाठ असते, तिलाही सुई चालते. ती मात्र नुसती खरवडून काढू नये, भोवतीच्या ग्रंथीसकट काढावी, नाहीतर दहा वर्षांनी त्याच जागी अनेक छोट्या गाठी होऊन येते आणि चेहऱ्याची नस त्यांच्यात अडकते.

सुई चालत नाही ती मोजक्या गाठींना, आणि तिथेही कारण पसरण्याचं नसून रक्ताचं असतं. अँजिओफायब्रोमा त्यांतली एक. दुसरी मानेत, जबड्याच्या कोनाखाली, जिथे मेंदूकडे जाणारी धमनी दुभंगते तिथे बसणारी कॅरोटिड बॉडी ट्यूमर. बोट ठेवलं की धडधड लागते, गाठ आडवी हलते पण वरखाली हलत नाही. अँडीजसारख्या उंच पहाडात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांत ती जास्त, आपल्याकडे विरळाच. काही घराण्यांत ती वारशाने येते, म्हणून भावंडांचीही मान तपासायची. थोडक्यात, गाठीला सुई लावायची, तुकडा काढायचा की दोन्ही हात मागे बांधून उभं राहायचं, हे आधी बोटांनी आणि मग चित्राने ठरतं. पाहुण्यांना एवढं सांगा.

आता रक्तवाहिन्या बंद करण्याचं. जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी वर नेतात, मानेतल्या बाहेरच्या धमनीच्या ज्या फांदीतून गाठीला रक्त जातं तिच्यात शिरतात, आणि वाळूहून बारीक कण सोडून ती वाट बुजवतात. मग साधारण 24 ते 72 तासांत ऑपरेशन, कारण त्यापुढे गाठ शेजारच्या वाहिन्यांकडून रक्त मिळवायला लागते. मी शिकत होते तेव्हा ही सोय सर्रास नव्हती. नाकाच्या कडेने चेहरा उघडायचा, किंवा ओठाखालून गाल वर उचलायचा, आणि दीड-दोन लिटर रक्त गेलं तर कुणाला नवल वाटत नसे. आता बहुतेक गाठी नाकपुडीतून दुर्बिणीने निघतात, चेहऱ्यावर व्रण राहत नाही. फार पसरलेल्या गाठींना अजूनही बाहेरून वाट करावी लागते, कधी न्यूरोसर्जन सोबत लागतो.

सांगली-मिरजेत कॅथलॅब पुष्कळ आहेत, पण हृदयाची अँजिओप्लास्टी करणं आणि चेहऱ्याच्या धमनीत कण सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. चेहऱ्याच्या आणि डोळ्या-मेंदूच्या धमन्यांमध्ये छुपे जोड असतात. कण चुकीच्या वाटेने गेले तर दृष्टी जाऊ शकते किंवा अर्धांग होऊ शकतं. क्वचित होतं, पण होतं. म्हणून हे काम रोज करणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आणि त्याच इमारतीत ऑपरेशन करणारा सर्जन, अशी जोडी जिथे असेल तिथे जा. मग ते कोल्हापूर असो, पुणे असो की मुंबई. सर्जनला बेधडक विचारा, अशी गाठ गेल्या वेळी कधी काढली होती? या प्रश्नाचा राग येणाऱ्या माणसाकडे मी माझं पोर दिलं नसतं.

खर्चाचं मामांनी विचारलं नाही, पण मनात असणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात दर्शनी भागातच आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. ऑपरेशन आणि रक्तवाहिन्या बंद करण्याची प्रक्रिया, दोन्ही योजनेत धरली जातात की एकच, हे दाखल होण्याआधी विचारून घ्या. बहुतेकांची फसगत इथेच होते.

आता वस्तादांचा मुद्दा, म्हणजे माराने नाकातून रक्त येणं. त्यांचा अंदाज वेडगळ नव्हता. नाकावर मार लागला की रक्त येतंच. पण ते त्या दिवशी येतं, फार तर दुसऱ्या दिवशी. पाच महिने एकाच बाजूने येत राहिलं तर माराचं कारण मनातून काढून टाकावं. याला अपवाद आहे, आणि तो इतका घातक आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गळीत हंगामात पेठ नाक्याकडून रात्री येताना उसाच्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकते. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर पाचटाने झाकलेला. असाच एक पंचविशीतला पोरगा मला आठवतो. कवटीच्या तळाला तडा, डाव्या डोळ्याची नजर त्याच दिवशी गेली, बाकी जीव वाचला म्हणून घरच्यांनी देवाचे आभार मानले आणि त्याला घरी नेलं. तिसऱ्या आठवड्यात रात्री जेवताना नाकातून भळाभळा रक्त. एका दवाखान्यात नाक भरलं, थांबलं. चार दिवसांनी पुन्हा, आधीपेक्षा जास्त. दुसऱ्या दवाखान्यातही नाक भरून घरी. आमच्याकडे आला तेव्हा हिमोग्लोबिन पाचच्या घरात. डोळा गेलाय आणि आठवड्यांनी रक्त येतंय हे एकत्र ऐकल्यावर दुर्बीण बाजूला ठेवून आम्ही आधी सीटी अँजिओग्राफी केली. मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी तड्यापाशी फाटून तिला बोराएवढा फुगा आला होता, तो नाकामागच्या पोकळीत फुटत होता. पुण्याला पाठवून धमनीच्या आतून कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी घालून बंद केला. पोरगा वाचला.

कवटीचा तळ मोडलेला, एका डोळ्याची नजर गेलेली, आणि दिवसांनी किंवा आठवड्यांनी नाकातून जोराचं रक्त. हे त्रिकूट 1961 पासून वैद्यकाच्या वाङ्मयात नोंदलेलं आहे, तरी पहिल्या रक्ताला ‘घोळणा फुटला’ म्हणून सोडून दिलं जातं. घरात कुणी डोक्याच्या अपघातातून उठलेला असेल तर हे लक्षात असू द्या. त्याच्या नाकातून पुढे वाकल्यावर पाण्यासारखं स्वच्छ थेंब थेंब गळत असेल, घशात खारट लागत असेल, तर ती सर्दी समजू नका. मेंदूभोवतीचं पाणी झिरपत असू शकतं. नाक शिंकरायचं नाही, बोळा घालायचा नाही. पुष्कळांचं ते विश्रांतीने आठ-दहा दिवसांत बंद होतं. नाही झालं तर दुर्बिणीने ठिगळ लावता येतं, उशीर केला तर मेंदूज्वर.

अपघातांचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. मानेवर आडवा मार लागून आवाज बसला असेल, मग तो कुंपणाच्या तारेचा असो की पतंगाच्या मांजाचा, तर बाहेरून जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्यावं.

डाव्या कानाचं. मामांनी पाठवलेल्या फोटोत पाळीच्या वरच्या भागातल्या वळ्या बुजून एकसंध फुगवटा दिसतोय. कातडी आणि कूर्चा (कानातलं मऊ, लवचिक हाड) यांच्यामध्ये रक्त साठलंय. कूर्चेला स्वतःची रक्तवाहिनी नसते, ती वरच्या आवरणातून पोसली जाते. रक्त मध्ये आलं की आवरण सुटतं, कूर्चा उपाशी मरते आणि त्या जागी वेडीवाकडी गाठाळ कूर्चा तयार होते. तालमीत मोडका कान मानाचा समजतात, ते मला ठाऊक आहे. कवठे पिरान आणि गोळेश्वरसारख्या पैलवानांच्या गावांच्या मुलखात त्यावर मी वाद घालत नाही. पण हा पोरगा 14 वर्षांचा आहे, मोठेपणी कानात यंत्र किंवा नुसता इअरफोन बसवायचा तर ते नडतं. हळद, लेप, शेक काही नको. सुईने रक्त ओढून सोडून दिलं तर संध्याकाळपर्यंत पुन्हा भरतं. छोटा छेद देऊन रक्त काढायचं, आणि पाळीच्या दोन्ही अंगांना कापसाचे रोल टाक्यांनी दाबून बसवायचे, आठवडाभर ठेवायचे. सातव्या-आठव्या दिवसानंतर रक्त घट्ट होऊन जातं, मग हे साधं काम मोठं होतं. तुमचे चार दिवस गेलेत. गाठीच्या ऑपरेशनची वाट बघत कान ठेवू नका.

आणि चार दिवसांपूर्वी तो लढत होता, याचा अर्थ निदान झाल्यावरही तालीम चालूच आहे. आजपासून बंद. जोर नाहीत, बैठका नाहीत, दोर नाही. श्वास कोंडून जोर लावला की डोक्याकडचा दाब वाढतो. कायमची सुटेल का? गाठ नाकापुरती आणि पूर्ण निघाली, नाक भरून आलं, पुढचा एमआरआय स्वच्छ आला, तर काही महिन्यांनी आखाड्यात परत जाता येतं. ते ऑपरेशन करणारा सर्जन सांगेल. कवटीच्या तळाशी काम करावं लागलं असेल तर मी स्वतः नाही म्हणेन, आणि वस्तादांनी मध्यस्थी केली तरी नाहीच म्हणेन. ऑपरेशननंतर पहिली दोन-तीन वर्षं ठरल्या वेळी एमआरआय चुकवायचा नाही. पुन्हा दिसणारी गाठ बहुधा याच काळात दिसते, आणि बहुतेकदा ती हाडाच्या फटीत राहून गेलेला तुकडाच असतो. नाकात खपल्या धरतात, म्हणून मिठाच्या पाण्याने रोज धुवायचं. हे कंटाळवाणं काम आईवर सोडून चालत नाही, मामांनी लक्ष घालावं.

एक अप्रिय प्रश्न. खुराकाच्या नावाखाली कुणी त्याला ताकदीचं इंजेक्शन किंवा पावडरीचे डबे देतंय का, ते एकट्यात विचारा. या गाठीच्या पेशींत पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणारे ग्राहक सापडतात. अशा पोराला बाहेरून तेच संप्रेरक मिळत असेल तर डॉक्टरांना कळलंच पाहिजे, वस्तादांचं नाव न घेता सांगा हवं तर. अंगदुखीच्या गोळ्याही बंद, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन काही नाही. दुखलंच तर पॅरासिटामॉल. हिमोग्लोबिन तपासून घ्या, पाच महिन्यांच्या गळतीने ते उतरलेलं असणार, आणि लोहाच्या गोळ्या आजच सुरू केल्या तर ऑपरेशनच्या दिवशी त्या कामाला येतील. त्याच्या रक्तगटाचे चार-पाच दाते आताच बोलून ठेवा.

तोवर मध्येच रक्त आलं तर कांदा हुंगवणं, डोक्यावर पाण्याच्या घागरी ओतणं, मान मागे टाकून झोपवणं, यांतलं काही करू नका. मान मागे केली की रक्त पोटात जातं, किती गेलं ते कळत नाही आणि मग उलटी होते. खुर्चीत बसवा, पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग दोन बोटांत दहा मिनिटं न सोडता दाबा, तोंडाने श्वास घेऊ द्या, घशात येईल ते थुंकू द्या. खरं सांगायचं तर गाठ मागे असल्याने दाबून नेहमी थांबेलच असं नाही. दहा मिनिटांत थांबलं नाही, किंवा घशातून गुठळ्या येऊ लागल्या, तर 108 ला फोन करा, आणि गाडी आल्या आल्या ‘अँजिओफायब्रोमाचा पेशंट आहे’ एवढं पहिलं वाक्य बोला. सीटी-एमआरआयची सीडी आणि रक्तगटाचा कागद एका पिशवीत घालून दाराशी अडकवून ठेवा. गाडीतही त्याला आडवं करू नका, बसवून, पुढे वाकवूनच न्या.